बंद खिडकीचा चौकोन

बुधवारा पेठेतल्या केळी उत्पादक संघाच्या कचेरीत प्रतिभा तीन दिवस अगदी रमली होती. संगणकावर नवी व्यवस्था बसवण्याआधी कोणता कागद कुणाकडून कुणाकडे जातो, याचा नकाशा तिला काढायचा होता. माणसासाठी चौकोन, कागदासाठी बाण. प्रत्येक चौकोनात एक बाण शिरलाच पाहिजे आणि एक बाहेर निघालाच पाहिजे, एवढाच नियम.

सगळं छान जुळलं. फक्त एका चौकोनाला नाव नव्हतं. रस्त्याकडच्या भिंतीत एक कायम बंद खिडकी होती. वजनाची प्रत्येक चिठ्ठी तिच्या फटीतून आत सरकवली जाई आणि हिरव्या शाईची खूण होऊन परत येई.

"आत कोण बसतं, हिरामणभाऊ?" तिनं जुन्या कारकुनाला विचारलं.

"कोन जाने, ताई! पण आजवर एक गलती निघाली नाही."

प्रतिभा रस्त्यावर जाऊन बघून आली. बाहेरून तिथं खिडकीच नव्हती. सलग भिंत आणि तिला टेकवलेल्या सायकली.

नव्या व्यवस्थेत ही पायरी लागणारच नाही, असं म्हणत तिनं तो चौकोन खोडला आणि ती डबा खायला गेली.

परतली, तर टेबलावर नकाशा नव्हता.

"सगळे कागद तिथूनच पास होतात ना, ताई. म्हणून तुमचाबी सरकवला," हिरामणभाऊ म्हणाले.

तेवढ्यात फटीतून नकाशा बाहेर आला.

"घ्या, पास झाला!" ते खुशीत म्हणाले.

खोडलेला चौकोन हिरव्या शाईनं पुन्हा काढला होता. त्यात प्रतिभाचं नाव होतं. तिच्या टेबलापासून निघालेला एक बाण त्यात शिरत होता.

बाहेर निघणारा बाण नव्हता.