उजवा खांदा

"आई, लोमीलोमी म्हणजे बाळंतिणीला लावतात तसं तेलच समज," शलाका म्हणाली.

"या वयात बाळंतीण?" मी म्हटलं, पण निमूट पालथी झोपले. हे गेल्यापासून माझा उजवा हात वर जात नव्हता. देवापुढचं निरांजन मी डाव्या हाताने ओवाळत होते, आणि तेच मनाला लागून राहिलं होतं. म्हणून लेक मला हवाई बेटावरच्या या म्हाताऱ्या नोहेआमावशींकडे घेऊन आली होती.

मावशींनी आधी डोळे मिटून त्यांच्या भाषेत प्रार्थना म्हटली. देवाला विचारल्याशिवाय त्या कुणाच्या अंगाला हात लावत नाहीत म्हणे. माझी भीड चेपली. मीही मनात नाम घेऊ लागले.

कोमट तेल पाठीवर आलं. मग त्यांचा हात, कोपरापर्यंत अख्खा, वर चढत आणि ओसरत राहिला. बाहेर समुद्राचंही तेच चाललं होतं. हळूहळू दोन्ही एकच वाटू लागलं. खांद्यापाशी हात थांबला.

"इथे काय धरून ठेवलंय, विचारतायत," शलाका म्हणाली.

"यांचं डोकं," माझ्या तोंडून गेलं. त्या दुपारी हे माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले, ते उठलेच नाहीत. झोप मोडू नये म्हणून मी किती वेळ हललेही नव्हते.

शलाकाने ते मावशींना सांगितलं. त्या हलकेच काही बोलल्या.

"म्हणतात, बाबांना आता उशीवर निजव."

बाहेर लाट मागे सरली. मी खांदा अलगद सोडवून घेतला, यांना जाग येणार नाही अशा बेताने.