पाचपैकी पाच

वॉरंटीत दिवा बदलून मिळाला असता, तर निवृत्त मास्तरांचे बत्तीस हजार वाचले असते. एसयूव्हीचा उजवा हेडलाइट मनाला येईल तेव्हा विझायचा. सर्व्हिस सेंटरला पाच चकरा मारून ते दमले आणि त्यांनी थेट कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, "पाचही वेळा आपण अभिप्रायात 'पूर्ण समाधानी' असं कळवलं आहे. तक्रार बंद."

"जन्मभर पोरांना अर्धा गुण फुकट दिला नाहीत," बायको म्हणाली, "आणि त्यांना पाचपैकी पाच?"

"अगं, गुण कमी पडले की तिथल्या सुपरवायझरचा पगार कापतात. हात जोडतो बिचारा."



शनिवारी मास्तरांनी पदरचे बत्तीस हजार भरून दिवा बदलून घेतला, आणि सुपरवायझरने पुढे केलेल्या फोनवर पुन्हा पाचपैकी पाच दिले.