गोदामातला रेडिओ

“बंद कर गो हौसाबाय तो रेडिओ! डोकं उठलंय माझं,” नेत्रा ओरडली आणि खोक्यावर चिकटपट्टी वाकडी बसली.

मानकोलीच्या त्या गोदामात हौसाबाईच्या रेडिओला आजवर कुणी असं बोललं नव्हतं. आत जाताना सगळ्यांचे मोबाइल गेटवर जमा. रेडिओला मात्र वॉचमनची हरकत नव्हती. त्यातून ना फोटो काढता येतो, ना कुणाला फोन करता येतो. पॅकिंगच्या बायकांची करमणूक म्हणजे तेवढाच एक डबा. नेत्रा तर रोज घरी जाऊन फर्माइशीच्या कार्यक्रमाची नक्कल करून दाखवायची आणि आपल्या बापाला, आबाला, धरून अख्ख्या घराला हसवायची.

आज तिला करमणूक नको होती. मोबाइल हवा होता. शेलार गावातल्या घरून तिचा भाऊ कुमार आबाला घेऊन इस्पितळात गेला होता. आबाच्या गळ्यातली गाठ काढली होती. आवाज राहील की जाईल, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. इतके दिवस तोंडातून शब्द काढायची बंदी होती. आज त्याला पहिल्यांदा बोलायला लावणार होते. शेतातून त्याची हाक आली की इकडे घरात चहा टाकायचे, असा खणखणीत माणूस! तो मुका झाला तर? सुट्टी मागितली तेव्हा सुपरवायझर मेघाली मॅडम म्हणाली होती, “सेल चालू आहे. आज घरी बसलीस तर कायमचीच बस.”

न राहवून ती पुन्हा मॅडमपुढे जाऊन उभी राहिली.

“मॅडम, गेटवर जाऊन आले असते. एकच मेसेज बघते.”

“जेवणाच्या सुट्टीत बघ. तुझ्यासाठी काम थांबवू का सगळ्यांचं?”

जळलं मेलं ते जेवण! नेत्रा तणतणत जागेवर आली. कुठला माल कुठल्या खोक्यात भरत होती, देव जाणे. रेडिओवर फर्माइशीचा कार्यक्रम लागला होता आणि निवेदिका उगाच खिदळत होती. नेत्राने तरातरा जाऊन खटका दाबला.

“मोबाइल हातात असता ना, तर या डबड्याला कुत्रं विचारत न्हाय!”

पोरीचा जीव कुठे अडकलाय, ते हौसाबाईला ठाऊक होतं. पण हा कार्यक्रम चुकला की तिचा दिवस जायचा नाही. नेत्राची पाठ फिरल्यावर तिने रेडिओ हळूच चालू केला.

“हॅलो, कोण बोलतंय?” निवेदिका विचारत होती.

पलीकडून नुसती खरखर आली. पत्र्यावर खराटा मारावा तशी.

“हॅलो? फर्माइश कुणासाठी आहे?”

खरखर थांबली. मग पुन्हा सुरू झाली, अडखळत, जोर लावत. “बाय... मानकोलीची... माझी बाय... ऐकतंस ना?”

बायकांना काही कळलं नाही. निवेदिकेलाही नाही. नेत्राच्या हातातून मात्र चिकटपट्टी खाली पडली.

“सॉरी हं, लाइन फारच खराब आहे. आपण पुढचा फोन घेऊ या.”

नेत्राने धावत जाऊन दोन्ही हातांनी रेडिओ धरला.

“कापू नको गो बाई! लाइन खराब न्हाय, माझा आबा बोलतोय!”