एका मिनिटाचे थेंब

सलाईनचे मिनिटाला एकवीस थेंब पडायला हवे होते. नवी सिस्टर गावित घड्याळ धरून मोजू लागली, तर अर्ध्या मिनिटातच चाळीस झाले.

तिने नळीवरचं चाक फिरवून सलाईन बंद केलं. खाटेवरच्या बारकूबाबांचं हृदय आधीच कमकुवत. जास्त पाणी गेलं की फुप्फुसांत साचणार. त्यांना धाप लागलीच होती. डॉक्टर धावत आले. इंजेक्शन देऊन त्यांनी विचारलं, "गणित कोणी केलं होतं?"

"मी, सर." तिने मनात पुन्हा मांडलं: पाचशे मिली, आठ तास, मिलीला वीस थेंब. एकवीसच येत होते.

"पोरीला बोलू नका," बाबांची बायको पुढे झाली. "चाक मी फिरवलं. बाटली लवकर संपली, तर शेवटची एसटी मिळेल वाटलं."

धाप ओसरल्यावर डॉक्टरांनी निम्म्या वेगाने, मिनिटाला दहा थेंबांनी, सलाईन सुरू करायला सांगितलं. गावितने बाबांचे श्वास मोजले: मिनिटाला वीस. मग तिने आजींना खाटेजवळ बसवलं. "आजी, घड्याळ कळतं?"

"नाही गं."

"मग बाबांचा श्वास ऐका. दोन श्वासांना एक थेंब. कमीजास्त झालं की मला हाक मारा."

"एवढंच ना?" आजी म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून रोज रात्री तेच ऐकत पडते."