मधोमध खटका

"हिचा सेफ्टीचा खटका उजव्या बाजूला आहे," एअर रायफल टेबलावर परत ठेवत मी म्हणालो. "मी डावखुरा. अंगठा तिथपर्यंत न्यायचा तर पकड सुटते. महिनाभर नेम लागत नाहीये तो यामुळेच." मग शाळेतल्या कात्रीपासून प्रसादाला डावा हात पुढे केला म्हणून बसलेल्या चापटीपर्यंत, उजव्यांनी केलेले सगळे अन्याय मी ऐकवले.

रेंजवर शिकवणाऱ्या शिर्केबाईंनी कपाटातून दुसरी रायफल काढली. तिचा खटका वरती, अगदी मधोमध होता. "ही दोन्ही हातांना चालते. घ्या."

अंगठा आपसूक खटक्यावर बसला. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच एखादी वस्तू माझ्या बाजूने होती. मी सेफ्टी काढली, श्वास रोखला, चाप ओढला. छर्रा शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांच्या टार्गेटवर लागला, तोही बरोबर मध्यभागी. त्यांनी मान लववून माझे आभार मानले.

"हा चष्मासुद्धा उजव्यांसाठीच बनवलेला दिसतोय," मी म्हणालो.

बाईंनी मी नाकारलेली रायफल उचलली, डाव्या खांद्याला लावली, डावा अंगठा वरून पलीकडे नेऊन खटका सरकवला आणि माझ्या टार्गेटचा मध्य टिपला.

"एकवीस वर्षं हीच वापरतेय," त्या म्हणाल्या. "क्लबात तेव्हा दुसरी नव्हती."

मग त्यांनी माझा चष्मा मागितला आणि डाव्या हाताने पुसून परत दिला.