मामा आले

"जंगलात त्याचं नाव घ्यायचं नाही," पायवाट सुरू होताच वाटाड्या म्हणाला. "आमच्या पाड्यावर बिबट्याला मामा म्हणतात. दिसलाच तर पळू नका. हळूच सांगा, मामा आले."

आईनं पिशवी छातीशी धरली. पिशवीत चकल्यांचा डबा होता. गेल्या भाऊबीजेला तिच्या धाकट्या भावानं तिच्या चकल्यांना मऊ म्हटलं आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. त्याचं घर आमच्याच रस्त्यावर, म्हणून आई भाजी आणायलाही वळसा घालून जायची. शेवटी मीच त्याला आज इथे डोंगरावर बोलावलं. आईला अर्थातच सांगितलं नाही.

चढण संपता संपता मागच्या करवंदीच्या जाळीआड पाचोळा वाजला. मी वळून पाहिलं आणि मुद्दाम कुजबुजले, "आई, मामा आले."

आई जागच्या जागी थिजली. वाटाड्यानं काठी सरसावली. जाळीआडून आधी धापा ऐकू आल्या, मग टक्कल दिसलं, मग घामानं निथळणारा माझा मामा.

आई झाडांकडे बघत राहिली. मामाची नजर पिशवीवर गेली.

"ताई, चकल्या आणल्यास?"

"मऊ आहेत."

"असू देत. खूप भूक लागलीय."

वाटाड्याची काठी अजून वरच होती. "बाई, हे कोण?"

"मामाच आहे," डबा उघडत आई म्हणाली. "घाबरू नका, नुसता गुरगुरतो. खायला घातलं की गप्प बसतो."