कडी घातलेलं दार

नव्या सुनेने दार ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली आणि घागर कमरेवर घेऊन ती पायरी उतरली. सासू बाजाराला गेली होती, नवरा भट्टीवर. वारा सुटला होता. घरभर धूळ नको, एवढंच तिच्या मनात होतं.

कडी वाजली आणि समोरच्या शिंप्याचं मशीन थांबलं.

गाव तसं एवढंसं. पडक्या तटाच्या आत दगडी घरांची एकच गल्ली. या टोकाला शिंकलं तर त्या टोकाला ऐकू जावं. शेजारची काकू पिठाचे हात न धुताच बाहेर आली. मग तिची जाऊ. मग लोहार.

"कडी घातलीस?" काकूने विचारलं.

"धूळ येते ना, काकू."

"आत कोण आहे?"

"आत कोण असणार? मी ही इथे."

तेवढ्यात आतून दार वाजलं.

जोरात नाही. कुणाला त्रास नको, अशा बेताने कुणी बोटांनी वाजवावं, तसं. सुनेच्या कमरेवरची घागर निसटली आणि ठणठणत उतारावरून गेली. ती उचलायला कुणी हललं नाही.

"सासूनं सांगितलं नाही वाटतं," शिंपी दुकानाच्या उंबऱ्यातूनच म्हणाला.

"काय?"

त्याने लोहाराकडे पाहिलं. लोहाराने जमिनीकडे.

"तापाची साथ होती. पहिला ताप या घरात निघाला. गावानं बाहेरून कडी घातली. आतली माणसं दार वाजवत राहिली. आवाज बंद होईपर्यंत कुणी उघडलं नाही."

"कुणी घातली कडी?"

"माझ्या पणजोबानं. घडवली याच्या पणजोबानं. काकूच्या घरचे पहाऱ्याला होते. आता हे कुणी कुणाला सांगायचं, पोरी?"

दार पुन्हा वाजलं.

"मग उघडा ना," ती म्हणाली.

"आमच्या हातानं उघडत नाही गं," काकू म्हणाली, आणि पिठाचे हात तिने पाठीमागे नेले.

सून वळली, पायरी चढली. कडी काढताना आतून दाराला टेकलेलं वजन तिला जाणवलं. मग ते सरकलं.

आत चूल होती, सकाळी तिनेच झाडलेली जमीन होती, खुंटीवर नवऱ्याचा सदरा होता. माणूस नव्हतं.

तिने मागे वळून पाहिलं. सगळी गल्ली भिंतींना पाठ लावून उभी होती. मधली वाट मोकळी. काकूने मान खाली घातली होती. लोहाराचे ओठ नुसतेच हलत होते.

गल्लीच्या पार टोकाला सासू दिसली, डोक्यावर टोपली. आज कडी घातली गेली, हे तिला ठाऊक नव्हतं. तरी ती थबकली, टोपली सावरत भिंतीकडे सरकली आणि कुणाला तरी वाट देऊन उभी राहिली. जरा वेळ गेला. मग ती नेहमीच्या चालीने घराकडे आली.

ती रागावली नाही. टोपली उतरवून तिने सुनेकडे पाहिलं, मग तिच्या बाजूला, जरा खाली.

"मोठी माणसं सगळी निघून गेली," ती हळूच म्हणाली. "धाकटीनं मात्र तुझं बोट धरलंय. झटकू नकोस."

सुनेने हात होता तसाच ठेवला.